अंडरकट, कोळसा आणि कोरडा पृष्ठभाग

प्रश्न : कॅम्पातल्या हॉटेलांत स्टेक मऊ लागतो. घरी शेगडीवर भाजला की बाहेरून राखाडी आणि आतून चिवट होतो. कच्ची पपई लावून पाहिली, तर वरचा थर पिठूळ झाला, आतला चिवटपणा तसाच. सिझलरसारखी चरचरही होत नाही. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी मांसाकडे बघू. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गोहत्येवर बंदी होती. २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. त्यामुळे पुण्यात स्टेक म्हणून मिळतं ते बहुधा म्हशीचं मांस, बोलीत बफ. परदेशी पाककृती लिहिलेल्या असतात त्या धान्यावर पोसलेल्या, अंगात चरबी मुरलेल्या तरुण जनावरांसाठी. बफ गडद आणि कमी चरबीचं. आच जराशी जास्त झाली तरी ते कोरडं पडतं. म्हणून दुकानात अंडरकटच मागा. पाठीच्या कण्याखालचा हा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, त्यामुळे तो मऊ राहतो. दुकानदारानं सुरी उचलण्याआधीच सांगा : दीड इंच जाड, धाग्यांना आडवं. रश्श्याच्या सवयीनं तुकडे बारीक केले जातात, आणि पातळ तुकड्यावर रंग चढेपर्यंत तो आत सुकून गेलेला असतो.

पुढचं पटायला जरा कठीण जाईल, पण माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक इथेच पडतो. ताजं मांस त्याच दिवशी भाजू नका. कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात, आणि मग त्यांच्यातलीच एन्झाइम्स पुढच्या दिवसांत ते हळूहळू सैल करतात. सकाळी आणलेलं मटण दुपारी रश्श्याला चालतं, कारण ते बराच वेळ शिजतं. स्टेक विस्तवावर दहा-बारा मिनिटंच असतो. तेव्हा तुकड्याला मीठ चोळा, ताटलीवर जाळी ठेवून त्यावर मांडा आणि फ्रीजमध्ये सगळ्यांत खालच्या, थंड कप्प्यात दोन दिवस उघडंच राहू द्या. मीठ आत मुरतं आणि वरचा भाग वाळतो. पपई मात्र सोडा. तिच्यातलं पपेन खोलवर जात नाही, पृष्ठभागच विरघळवत बसतं. तुमचा थर पिठूळ झाला तो त्यामुळेच.

वाळलेल्या पृष्ठभागाचं महत्त्व असं. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. मांसाला खमंग वास आणि तपकिरी रंग जोमानं येतो तो १४० च्या पुढे. वर ओल असेल तोवर तापमान ९८ पाशीच अडकतं. मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं आणि राखाडी होतं. भाजायच्या आधी कोरड्या फडक्यानं पुन्हा टिपून घ्या.

शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच पेटवा. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की ते सगळे एका बाजूला लोटा. तुकड्याला साजूक तूप चोळा. दुधाचा अंश काढलेला असल्यानं ते लोण्यासारखं लगेच करपत नाही. आधी निखाऱ्यांच्या बरोबर वर ठेवून दोन्ही बाजूंना गडद रंग आणा, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण घाला. गच्ची नसेल तर बिडाचा जड तवा धूर निघेपर्यंत तापवा. तोही उत्तम काम करतो.

मांसात खुपसायचा थर्मामीटर जरूर घ्या. मध्यभागी ६३ अंश झाले की उतरवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. ७० च्या पुढे धागे आकसतात, रस बाहेर पडतो, आणि बफमध्ये ती उणीव भरून काढायला चरबी नसते.

सिझलरच्या चरचरीचं म्हणाल, तर मोलेदिना रोडवरच्या ‘द प्लेस’मुळे कॅम्पाची आणि सिझलरची जोडी पक्की झाली आहे. पण तो आवाज तापलेल्या बिडाच्या ताटावर पडलेल्या सॉसच्या पाण्याचा. ते ताट वाढण्यासाठी असतं. भाजून झालेला स्टेक त्यावर ठेवलात तर तो शिजतच राहील. त्यापेक्षा लाकडी पाटावर, धाग्यांना आडव्या फोडी करून वाढा.

बफ खात नसाल तर मटणाच्या जाड चापांना हीच रीत लागू पडते. हाडाजवळचं मांस उशिरा शिजतं, म्हणून मंद बाजूला त्यांना थोडा जास्त वेळ द्या.