मग १८२२ साली नक्की स्वतंत्र कोण झालं?

कॉलेजात इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातही जीव रमला तो अमेरिका खंडांच्या एकोणिसाव्या शतकात. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं वॉशिंग्टन आणि लिंकनपाशी थांबतात. त्यांच्या दक्षिणेला मात्र फार मोठी उलथापालथ चालली होती. ती शिकवता शिकवता जे पक्कं झालं, ते इथे मांडते.

१. प्रत्येक देशापुढे दोन तारखा लिहाव्यात.
फळ्यावर मी दोन रकाने आखत असे. देशाने स्वातंत्र्य कधी जाहीर केलं आणि तिथली गुलामगिरी कधी संपली. व्हेनेझुएला: १८११ आणि १८५४. पेरू: १८२१ आणि १८५४. ब्राझील: १८२२ आणि १८८८. वजाबाकी मुलं आपणहून करत. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग १८२२ साली नक्की स्वतंत्र कोण झालं?" पुढे दरवर्षी मी हाच प्रश्न वर्गाला घालत राहिले. उत्तर कठोर आहे. ब्राझीलचा पहिला सम्राट पोर्तुगालच्या राजाचाच मुलगा होता. उसाचे आणि कॉफीचे मळे ज्यांचे होते त्यांचेच राहिले, आणि मळ्यांवर राबणारी माणसं पुढची सहासष्ट वर्षं विकली जात होती.

२. मदत कोणी केली, हे आधी सांगावं.
दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सिमोन बोलिव्हारचे पुतळे जगभर आहेत. पण १८१५ च्या अखेरीला तो हरलेला, परागंदा माणूस होता. त्याला आसरा दिला हैतीने, म्हणजे स्वतः गुलामांनी बंड करून १८०४ साली उभ्या केलेल्या देशाने. अध्यक्ष पेत्यों यांनी त्याला बंदुका, दारूगोळा आणि जहाजं दिली. बदल्यात मागणं एकच होतं: जिथे जिंकशील तिथले गुलाम मोकळे कर. १८१६ मध्ये बोलिव्हारने तसा हुकूम काढलाही, मात्र हत्यार उचलून सैन्यात येण्याची अट घालून. आणि १८२६ साली पनामात नव्या प्रजासत्ताकांची परिषद भरली, तेव्हा हैतीला बोलावणंच नव्हतं. बोलिव्हारविषयी मला आदर आहे, पण ही गोष्ट गाळून त्याचं चरित्र सांगणं मला कधी जमलं नाही.

३. हैतीच्या गरिबीआधी हैतीचं कर्ज शिकवावं.
१८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून बजावलं, की आमच्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक द्या, तरच तुमचं स्वातंत्र्य मान्य करू. 'नुकसानी'त मुक्त झालेले गुलामही धरले होते. म्हणजे सुटून आलेल्यांनी स्वतःचीच किंमत जुन्या मालकांना मोजायची! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भागवायला काढलेली कर्जं फिटता फिटता १९४७ उजाडलं.

४. पाळला न जाणारा कायदाही उपयोगी पडतो.
यासाठी लुईस गामा यांची गोष्ट सांगावी. १८३० साली ब्राझीलच्या बाहिया प्रांतात जन्म, आई आफ्रिकन आणि मुक्त. दहा वर्षांच्या या मुलाला पोर्तुगीज वंशाच्या सख्ख्या बापाने विकलं. साओ पावलोत मालकाच्या घरी राहायला आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याने त्याला अक्षरओळख करून दिली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वर्षभरात त्याने आपण जन्माने मुक्त असल्याचे पुरावे मिळवले आणि ते घर सोडलं. पुढे वकिलीची पदवी नसताना कोर्टात उभं राहून त्याने १८३१ चा एक कायदा बाहेर काढला. त्या कायद्यानुसार त्यानंतर आफ्रिकेतून आणलेला प्रत्येक माणूस मुक्त होता. सरकारने तो कधी मनावर घेतलाच नव्हता. गामांनी एकेका माणसाचं वय आणि तो बंदरात उतरल्याचं साल सिद्ध करत पाचशेहून अधिक जणांना सोडवलं. १८८२ मध्ये ते गेले. ब्राझीलच्या वकील संघटनेने त्यांना रीतसर वकील मानलं ते २०१५ साली. सामाजिक कामात पडणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे चरित्र वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

५. सुधारणा फक्त शिकलेल्यांनी केली नाही.
ब्राझीलमधल्याच सिआरा प्रांतातल्या फोर्तालेझा बंदरात मोठी जहाजं किनाऱ्यापासून लांब उभी राहत. गुलामांना तिथवर पोचवायचं काम तराफेवाल्या कोळ्यांचं. १८८१ मध्ये त्यांनी ते साफ नाकारलं आणि विक्री अडली. सिआरा प्रांत १८८४ सालीच, देशाच्या चार वर्षं आधी, गुलामगिरीतून मोकळा झाला.

६. जोतीरावांचं साल या फळ्यावरच लिहावं.
१८७३ साली 'गुलामगिरी' छापताना फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या, म्हणजे संयुक्त संस्थानांतल्या, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांनी शूद्रातिशूद्रांचं दुःख त्या लढ्याशी जोडलं. तेव्हा क्यूबा आणि ब्राझीलमध्ये माणसं अजून कायद्याने विकली जात होती. क्यूबात हे १८८६ साली थांबलं. ब्राझीलमध्ये ते १३ मे १८८८ रोजी थांबलं. त्याआधी दोनच दिवस, ११ मे रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना लोकांनी 'महात्मा' ही पदवी दिली होती.