सुटून आलेल्या माणसाचे काय?



तुरुंगातील माणसाला भेटणे म्हणजे प्रभूलाच भेटणे, हे मत्तयच्या शुभवर्तमानातून (अध्याय २५) आपण अनेकदा ऐकतो. आज त्याच माणसाची पुढची वाट पाहू या. तो फाटकाबाहेर आला, की त्याचे काय?

शिक्षा कशासाठी, ह्याची तत्त्वज्ञांनी मुख्यतः तीन उत्तरे दिली आहेत : केल्याची परतफेड, इतरांना धाक आणि गुन्हेगाराची सुधारणा. पहिली दोन आपल्याला चटकन पटतात. तिसरे ऐकले की आपण विचारतो, "ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला हे सांगाल का?" प्रश्न रास्त आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी तो संत ऑगस्टीन ह्यांच्यापुढेच उभा राहिला. त्यांच्या एका धर्मगुरूचा खून झाला होता, दुसऱ्याचा डोळा काढला होता, बोट तोडले होते. आरोपींनी गुन्हा कबूल केला होता. तरी मार्सेलिनस ह्या अधिकाऱ्याला संतांनी पत्र लिहून विनवले, की ह्यांचा जीव घेऊ नका, अवयव तोडू नका. उपयोगी कामाला लावा. त्यांना मोकळे सोडा, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

आपल्याकडे असा प्रयोग १९३९ साली औंध संस्थानात झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या पाठिंब्याने मॉरिस फ्रीडमन ह्या पोलंडच्या अभियंत्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तुरुंगाच्या भिंतींबाहेर, शेती करीत, बायकामुलांसह कैदी राहू लागले. व्ही. शांताराम ह्यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तेही त्याच मुलखातले. चित्रपट पुष्कळांनी पाहिला आहे, पण ही खुली वसाहत खरी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तिथे विश्वास आधी दिला गेला, खात्री नंतर पटली. आपण नेमके उलट करतो.

स्वतंत्रपूर फार थोड्यांच्या वाट्याला येते. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत चारांपैकी तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला न संपलेले होते. आपल्या नारपोलीत मागावर काम करणारा परगावचा मजूर अडकला, तर जामीनदार आणणार कुठून? तोवर खोली जाते, माग दुसऱ्याच्या हाती जातो. निर्दोष सुटला तरी 'आत जाऊन आलेला' हा शिक्का राहतोच.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे ह्यातून वगळले आहेत. एकाहून अधिक खटले असले तरीही ही सवलत नाही. वकील परवडत नसेल, तर कोठडीतील माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो.

ज्यांचे माग, गोदामे वा भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांनी मिस्सेनंतर आम्हांला कार्यालयात भेटावे. गुन्हा कोणता होता हे आम्ही तुमच्यापासून लपवणार नाही, आणि नकार दिलात तरी कारण विचारणार नाही.