घटकराज्याची प्रतिमा : तामिळनाडूचे उदाहरण

संघराज्यातील घटकराज्याचे स्थान केवळ संविधानातील सूचींनी ठरत नाही. राज्याचे नेते त्या स्थानाचे वर्णन कोणत्या शब्दांत करतात, यावरही ते पुष्कळसे अवलंबून असते. तामिळनाडूच्या राजकीय इतिहासात अशी तीन चित्रे एकापाठोपाठ पुढे आली.

पहिले चित्र पारतंत्र्यातील राष्ट्राचे होते. सी. एन. अण्णादुराई यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाचा प्रचार असा होता की, उत्तरेची भरभराट होत आहे आणि दक्षिण मात्र खंगत चालली आहे. त्यावरचा उपाय म्हणून पक्षाने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी केली. १९६२ साली राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात अण्णादुराईंनी स्वयंनिर्णयाच्या हक्काचा पुरस्कार केला. परंतु त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले. पुढे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांना देशाच्या सार्वभौमत्वाची व अखंडतेची शपथ बंधनकारक केली. पक्षाने विभक्ततेची मागणी सोडली. मात्र त्या मागणीमागील कारणे कायम आहेत, असे अण्णादुराई सांगत राहिले.

१९६७ साली पक्ष सत्तेवर आला आणि दुसरे चित्र पुढे आले. ते उपेक्षित भागीदाराचे होते. आता गाऱ्हाणे सेलमच्या पोलाद कारखान्यासारख्या निश्चित गोष्टींविषयी होते. १४ जानेवारी १९६९ पासून मद्रास राज्य ‘तामिळनाडू’ झाले. प्रदेशाच्या अस्मितेला संघराज्याच्या चौकटीतच मान्यता मिळाली.

तिसरे चित्र समान अधिकार असलेल्या घटकाचे होय. मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांनी १९६९ साली पी. व्ही. राजमन्नार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७१ च्या अहवालात तिने शेषाधिकार राज्यांकडे द्यावेत, आंतरराज्य परिषद स्थापावी आणि राष्ट्रपती राजवटीचे ३५६ वे कलम रद्द करावे, असे सुचविले. १९७४ साली विधानसभेने स्वायत्ततेचा ठराव संमत केला.

या तिन्ही चित्रांतील गाऱ्हाणे जवळजवळ एकच आहे. बदलला तो श्रोता. विरोधी पक्षास केवळ आपल्या अनुयायांशी बोलावयाचे असते. सत्ताधारी नेत्याला मात्र दिल्लीकडून निधी व कारखाने मिळवावयाचे असतात आणि त्याच वेळी आपण माघार घेतलेली नाही, अशी अनुयायांची खात्रीही पटवावयाची असते. ‘स्वायत्तता’ या शब्दाने ही दोन्ही कामे साधली.

तथापि शब्दांचे सामर्थ्य मर्यादित असते. जानेवारी १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, करुणानिधींचे मंत्रिमंडळ बरखास्त झाले. आणि तेही समितीने रद्द करावयास सांगितलेल्या ३५६ व्या कलमान्वयेच. परंतु विचार तेथेच थांबला नाही. १९७७ साली पश्चिम बंगालने केंद्र-राज्य संबंधांविषयी आपले निवेदन मांडले, १९८३ साली सरकारिया आयोग नेमला गेला आणि १९९० साली आंतरराज्य परिषद अस्तित्वात आली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात ३५६ व्या कलमाच्या वापरावर मर्यादा घातल्या. संघराज्यातून बाहेर पडण्याची भाषा बोलणारा प्रदेश अखेरीस संघराज्याच्या रचनेविषयीच्या चर्चेतील एक प्रमुख सहभागी ठरला.