फुरसुंगीचा फास्टर फेणे

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत असत. दिवसभर मंडईत भाजी विकायची आणि दिवेलागणीनंतर पाटी-पुस्तक घेऊन वर्गाला यायचे, असा त्यांचा नेम होता. सात-आठ महिन्यांत त्यांना जोडाक्षरे वाचता येऊ लागली.

एके दिवशी त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली काहीतरी कागदात गुंडाळलेले दिसले. आम्ही विचारले, "बाई, हे काय?"

बाई लाजल्या. म्हणाल्या, "नातवाचं पुस्तक हाय, गुरुजी. पोरासोरांचं. ह्या वयात हे वाचती म्हणून लोक हसतील. म्हणून झाकून आणलं."

आम्ही कागद सोडून पाहिला. आत फास्टर फेणेचे पुस्तक होते.

मंडळी, यात हसण्यासारखे काय आहे बरे? चला, आज आपण या फेणेची आणि त्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊ.

लिहिणारा कोण?

त्यांचे नाव भास्कर रामचंद्र भागवत. सगळे त्यांना भा. रा. भागवत म्हणून ओळखतात. त्यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी झाला. २००१ साली ते वारले. म्हणजे त्यांना नव्वद वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. त्यांतली कितीतरी वर्षे त्यांनी मुलांसाठी लिहिण्यात घालवली. 'बालमित्र' नावाचे मुलांचे मासिकही त्यांनी चालवले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत असत.

फ्रान्स देशात ज्यूल व्हर्न नावाचा एक मोठा लेखक होऊन गेला. माणूस चंद्राकडे निघाला आहे, अशी गोष्ट त्याने १८६५ साली लिहिली. तेव्हा विमानसुद्धा नव्हते! पुढे १९६९ साली माणसाने खरोखरच चंद्रावर पाऊल ठेवले. या व्हर्नच्या गोष्टी भागवतांनी मराठीत आणल्या. ज्यांना परक्या देशाची भाषा येत नव्हती, त्या मुलांना त्यामुळे घरबसल्या समुद्राच्या तळाशी आणि आभाळात जाता आले.

पण भागवतांचे नाव घरोघर पोचले ते त्यांच्या स्वतःच्या फास्टर फेणेमुळे.

फेणे कोण?

फेणेचे पाळण्यातले नाव बनेश. दोस्त त्याला बन्या म्हणतात. गाव फुरसुंगी. पुण्याहून पूर्वेला हडपसरच्या पुढे हे गाव आहे. बन्या तिथून पुण्याला शिकायला येतो आणि विद्याभवन नावाच्या शाळेत राहतो. फुरसुंगी गाव खरे आहे, बन्या मात्र गोष्टीतला आहे. तरी पुष्कळ वाचकांना तो आपल्या शेजारचाच वाटतो!

बन्या अंगाने काटकुळा आहे. फुंकर मारली तर उडून जाईल असा. पण सायकलवर बसला की वाऱ्याशी शर्यत लावतो. 'फास्टर' म्हणजे आणखी वेगाने. हे नाव त्याला अगदी शोभते. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. कारकून, कामगार, विद्यार्थी, सगळे सायकलवरून जात. म्हणून पुण्यातला हा मुलगाही सायकलवरच बसला.

भागवतांनी फेणेची वीस पुस्तके लिहिली. त्यांत तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, चक्रीवादळात सापडतो. कुठे चोर असतात, कुठे लबाड माणसे असतात. बन्याजवळ ना पैसा, ना हत्यार, ना मोठ्या माणसाची ओळख. मग तो निभावून कसा नेतो? तो डोळे उघडे ठेवतो. इतरांना न दिसलेली बारीक खूण त्याला दिसते. मित्राला एकटे टाकून तो पळत नाही. भागवतांच्या गोष्टींतले साहस ते हेच.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर फेणेची मालिका झाली. २०१७ साली त्याच्या नावाचा मराठी चित्रपटही निघाला. त्यात फेणे वयाने मोठा, डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा द्यायला पुण्यात आलेला असा दाखवला आहे.

ट्टॉक!

बन्याला एक खोड आहे. काही नवल दिसले किंवा काही सुचले की तो जीभ टाळूला लावून झटकन सोडतो. आवाज होतो, "ट्टॉक!"

तुम्हीही करून पाहा. झाला आवाज? आता तो पाटीवर लिहा पाहू. पंचाईत झाली ना! जिभेच्या या आवाजाला आपल्या बाराखडीत अक्षर नाही. भागवतांनी मग काय केले? ट ला ट जोडला, वर 'डॉक्टर' शब्दातल्यासारखी अर्धचंद्राची खूण आणि काना दिला, पुढे क ठेवला. ट्टॉक! तोंडातला आवाज कागदावर उतरला. वाचणाऱ्याने ती अक्षरे म्हटली की तो पुन्हा तोंडात येतो. लिहिणे आणि वाचणे म्हणजे तरी दुसरे काय?

आधी हे पुस्तक का घ्यावे?

नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाची एक अडचण असते. अक्षरे ओळखता येतात, पण पानभर वाचताना दमछाक होते. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीचा आरंभ विसरतो. मग कंटाळा येतो आणि पुस्तक फळीवर जाते. सराव सुटला की शिकलेली अक्षरेही हळूहळू पुसट होतात. वर्गात शिकून वर्षा-दोन वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

साहसाची गोष्ट यावर चांगला उपाय आहे. तिच्यातली वाक्ये लहान असतात. माणसे आपसात बोलतात, तेव्हा भाषा रोजच्या कानावरची वाटते. शिवाय प्रकरण संपता संपता बन्या कुठल्यातरी पेचात सापडतो. पुढे काय झाले, ही हुरहूर पान उलटायला लावते. आपण अक्षरे वाचतो आहोत हे विसरून गोष्ट वाचू लागतो. तसे झाले की वाचता येऊ लागले म्हणावे.

पोहायला शिकणारा आधी उथळ पाण्यात उतरतो. त्याला कोणी हसत नाही. मग मुलांच्या पुस्तकापासून वाचन सुरू करणाऱ्याने का लाजावे?

आम्ही बाईंना एवढेच सांगितले, "बाई, कागद काढून टाका. उघडे पुस्तक घेऊन बसा."

आठवड्याने बाई वर्गात आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "काल नातू वाचून दावत होता. पोर ऐन रंगात आल्यावर झोपलं. मला काही झोप येईना. त्या बन्याचं पुढं काय झालं? मग मीच चिमणीएवढा दिवा लावून वाचलं. चार पानं! सकाळी नातवाला म्हणलं, इचार मला, पुढं काय झालं ते!"

आजवर नातू आजीला वाचून दाखवत होता. त्या दिवशी आजीने नातवाला गोष्ट सांगितली.

विचार करा

१. बाईंनी पुस्तक झाकून का आणले? तुम्ही असे कधी केले आहे काय?

२. बन्याजवळ हत्यार नसते. मग तो संकटातून कशाच्या बळावर सुटतो?

३. ट्टॉक हा शब्द पाच वेळा लिहा. मांजर, पाऊस आणि सायकलची घंटा यांचे आवाज कसे लिहाल?

४. घरातल्या मुलाचे गोष्टीचे पुस्तक मागून घ्या. रोज एक पान मोठ्याने वाचा. अडेल तिथे त्या मुलालाच विचारा.