गडग्यावरचं शेवाळ जपताना

बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्याची वाडी आहे त्याच्याकडे विहीर असते, पाट असतो आणि बहुधा जांभ्याचा गडगाही असतो. मृग लागला की या तिन्ही ठिकाणी शेवाळ धरतं. बहुतेक घरांत ते खरवडून काढायचं म्हणूनच पाहिलं जातं. मी ते मुद्दाम वाढवते. विहिरीच्या काठाशी, दोणीच्या बाहेरच्या अंगाला, पाटाच्या दोन्ही कडांना आणि उत्तरेकडच्या गडग्यावर. माहेरवाशिणी आणि मुंबईहून येणारी मंडळी विचारतात, "हे असं कसं टिकतं?" म्हणून इतक्या वर्षांत हाताला जे कळलं ते सांगते.

1. आधी नीट ओळखा. ज्याच्यावरून पाय घसरतो तो बुळबुळीत हिरवा थर वेगळा. त्याला ना देठ, ना पान. मी म्हणते ते शेवाळ म्हणजे मॉस, शाळेच्या पुस्तकात फ्युनारियाच्या चित्रात असतं तसलं. नखाएवढ्या तुकड्यावर भिंग धरलं तर एकेक रोप सुटं दिसतं, त्याला बारीक पानं असतात, आणि पुढे केसासारख्या दांडीवर बोंडं येतात. त्या बोंडांत बीजाणू असतात. आमच्याकडे चुन्याच्या जुन्या भिंतीवर हायोफिला दिसतं, ओलसर मातीच्या कडेला पिसासारख्या पानांचं फिसिडेन्स, आणि माडा-पोफळींच्या खोडांवर पांढुरकं ऑक्टोब्लेफेरम. नावं पाठ असायलाच हवीत असं नाही, पण कोण कुठे बसतं ते पाहून ठेवावं. भिंतीवरचं भिंतीवर आणि खोडावरचं खोडावर लावलं तरच जगतं. हौशी माणसाने डॉ. जी. टी. दाभाडे यांचं खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवरचं 1998 सालचं पुस्तक मिळालं तर चाळावं. घाटमाथ्यावरचं असलं तरी नजर तयार होते.

2. शेवाळाला मुळं नसतात. तळाशी जे तंतू दिसतात ते दगडाला धरून राहण्यासाठी. पाणी आणि क्षार ते सगळ्या अंगाने घेतं, आणि पान बहुतेक जागी एकाच पेशीच्या जाडीचं असतं. म्हणजे पाण्यात जे असेल ते सरळ आत. खत, शेणपाणी, साबणाचं पाणी, काहीही नको. खत घातलं की आधी तो बुळबुळीत थर माजतो आणि शेवाळ त्याच्याखाली गुदमरतं. पावसाळ्यात पिण्याच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, ती टाकलीच पाहिजे, माणसांचं पोट आधी. पण ते पाणी शेवाळावर घालू नये. मी पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून झाकून ठेवते. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, तेव्हाही हेच पिंप कामाला येतं. मचूळ पाणी दगडावर सुकलं की मिठाचा पांढरा पापुद्रा राहतो, आणि त्या जागी शेवाळ पुन्हा धरायला पुढचा सबंध पावसाळा जातो.

3. पाण्यापेक्षा सावली महत्त्वाची. हे मला 3 जून 2020 नंतर कळलं. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पिढ्यांनी लावलेल्या पोफळी एका दिवसात गेल्या. घरांवरचे पत्रे-कौलं उडाली, वीज कितीतरी दिवस नव्हती. त्या दिवसांत शेवाळाकडे कोण बघतंय! शिवाय लगेच पाऊस लागला आणि गडगे नेहमीसारखे हिरवे झाले, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटलंच नाही.

खरा फटका ऑक्टोबरात दिसला. ज्या विहिरीवर कधी सरळ ऊन पडलं नव्हतं तिच्या काठावर दिवसभर ऊन. जांभा तापायला लागला. पाटातलं पाणी तेच, शिंपणं तेच, विहीर तीच, पण पाटाच्या कडेचं शेवाळ पिवळं पडून खपल्यांसारखं सुटून आलं. त्याच्याबरोबर तिथलं हंसराजही गेलं आणि संध्याकाळी दोणीपाशी दिसणारी बारकी बेडकंही. पाणी असूनही ओल राहत नव्हती, कारण ओल धरून ठेवणारी थंड हवाच उरली नव्हती.

मग आधी केळी लावल्या. पोफळीच्या नव्या रोपांना इथे केळीचीच सावली देतात, कोवळी पोफळ उन्हाने करपते म्हणून. केळ वर्षभरात उंच होते. तिच्या पानांखाली पाटाची कड पहिल्यांदा सावरली. पोफळ फळाला यायलाच पाच-सात वर्षं घेते, आणि वाडीची जुनी दाट सावली व्हायला त्याहून कितीतरी जास्त. तोवर गडग्यावर उन्हाळ्यात झाप टाकते. पडलेली काही खोडं आम्ही उचललीच नाहीत, पाटाला कड म्हणून आडवी ठेवली. ती कुजू लागली तशी त्यांच्यावर पांढुरक्या शेवाळाच्या गाद्या धरल्या. आज आमच्या वाडीतलं सगळ्यात सुंदर शेवाळ त्या पडक्या खोडांवर आहे.

4. लावायचं ते श्रावणात. मृगात किंवा आर्द्रात लावलेलं आषाढाच्या झडीत धुऊन जातं. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, दगड आतून भिजलेला असतो आणि सर हलकी असते. वाळलेला तुकडा हाताने चुरायचा आणि ओल्या जांभ्यावर भुरभुरायचा. शेवाळाच्या बारीक तुकड्यातूनही नवं रोप उठतं, अखंड गादी लावायला हवी असं नाही. गादी लावायचीच तर दगडाला घट्ट टेकली पाहिजे. मध्ये हवा राहिली की कडा उचलतात आणि सुकतात. मी झावळीचे हीर वाकवून टाचून ठेवते आणि दिवाळीनंतर काढते. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर तिथे लगेच काही धरणार नाही, त्याला दोन-तीन पावसाळे धुऊ द्या.

5. ताक फासायची गरज नाही. ताकाने शेवाळ लवकर धरतं असं कुणीतरी ऐकून येतं आणि दगडाला ताक लावतं. आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर आधी बुरशी येते.

6. उन्हाळ्यात काय करायचं हे एकदाच ठरवा. पाण्याची सोय बारमाही असेल तर शेवाळ कायम ओलं ठेवा. नसेल तर त्याला वाळू द्या. वाळलेलं शेवाळ मेलेलं नसतं. ते कोकमाच्या सालीसारखं आखडून, तपकिरी होऊन पडून राहतं आणि पहिल्या सरीने पुन्हा उलगडतं. त्याला मारतं ते अधूनमधून दिलेलं थोडंसं पाणी. ओलं झालं की ते जागं होतं, आत झालेली पडझड दुरुस्त करायला साठवलेलं अन्न खर्चतं, आणि ते अन्न पानांत पुन्हा तयार होण्याआधीच दुपारच्या उन्हाने वाळतं. असं वरचेवर झालं की साठा संपतो. म्हणून येता-जाता तांब्याभर पाणी ओतणाऱ्या पाहुण्यांना मी प्रेमाने थांबवते.

7. पिशवीतलं स्फॅग्नम आणून इथे वाढवायच्या भरीला पडू नका. ऑर्किडं लावणारे लोक ते वाळलेलं मॉस विकत आणतात, आणि मग काहींना वाटतं, जिवंतच वाढवावं. स्फॅग्नम हे थंड दलदलींचं शेवाळ आहे. त्याच्या पानांत मोठ्या रिकाम्या पेशी असतात, त्यांत पाणी भरून राहतं, आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट म्हणतात तेवढं. पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनमध्ये सैनिकांच्या जखमांवर त्याच्या पट्ट्या बांधल्या. ते स्वतःभोवतीचं पाणी आंबट करतं, त्यामुळे तिथे मेलेलं पान लवकर कुजत नाही, थरावर थर साचतो आणि त्याचं पीट होतं. जगातल्या जमिनीचा जेमतेम 3 टक्के भाग अशा पीटच्या दलदलींचा आहे, पण सगळ्या जंगलांत मिळून जितका कार्बन साठला आहे त्याहून जास्त त्यांत आहे. बाजारात येणारं बरंचसं स्फॅग्नम चिली आणि न्यूझीलंडमधल्या दलदलींतून काढलेलं असतं. एप्रिल-मेच्या आमच्या उकाड्यात, जिथे रात्रही गार होत नाही, तिथे ते तग धरत नाही. बर्फाचं पाणी घालून आठवडे काढता येतील, पण त्याला वाढवणं म्हणत नाहीत.

मुळात किनाऱ्यावरच्या माणसाला ते लागतं कशाला? नारळाची सोडणं एक पावसाळाभर उघड्यावर भिजत टाकली की त्यांतला राप आणि खारटपणा निघून जातो. आंब्याच्या फांदीवर आमरी, म्हणजे ऑर्किड, बांधायला याहून चांगलं काही नाही. स्फॅग्नम हाताळावंच लागलं तर हातमोजे घाला. त्यात असणारी एक बुरशी ओरखड्यातून कातडीत शिरते आणि हातावर गाठी-फोड उठतात.

8. झऱ्यावरचं, ओढ्यातलं, रानातलं शेवाळ ओरबाडून आणू नका. रानातून आणणं कायद्यातही बसत नाही. 1927 च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या करताना गवत, वेली, बोरू यांच्या जोडीला मॉसचा नावानिशी उल्लेख आहे. उत्तराखंडात रानातून पोतीच्या पोती मॉस निघून रोपवाटिकांकडे जात आलं आहे, आणि तिथेच, नैनितालजवळ खुर्पातालला, 2020 साली वनखात्याने देशातली पहिली मॉसची बाग उभी केली. आपल्याला रानात जायचं कारणच नाही. गावात दरवर्षी कुठेतरी जुना गडगा पडतो, कुणी चिऱ्यांच्या जागी सिमेंटची भिंत घालतं, कुठे रस्ता रुंद होतो. मालकाला विचारून त्या दगडांवरचं घ्या. शक्य असेल तर चिराच उचलून आणा, शेवाळासकट. असा चिरा दोणीपाशी मांडला की त्याच्यावरून ते शेजारच्या दगडांवर आपोआप पसरतं. तळहाताएवढा तुकडा पुरतो.

9. शेवाळाने गडगा पडतो, हा समज चुकीचा. त्याचे तंतू दगड फोडत नाहीत. भिंत फोडतात ते पिंपळ, वड आणि उंबर, आणि त्यांचं बी पाखरांच्या विष्ठेतून येऊन शेवाळाच्या ओलीत रुजतं हे मात्र खरं. म्हणून भाद्रपदात एक फेरी मारून दोन पानांवर असतानाच पिंपळाची रोपटी बोटांनी उपटावी. त्याच फेरीत वर पडलेली पानं आणि विऱ्या उचलाव्यात, हाताने. ओल्या शेवाळावर खराटा फिरवला की गादीच उखडते. कोंबड्याही तेच करतात, किडे शोधताना. नव्या लावलेल्या जागेवर काट्याची फांदी टाका.

10. दोणीत, टाक्यात पाणी साचू देत असाल तर गप्पी मासे सोडा. घरात डेंग्यू आला तर दोष शेवाळाला जाईल, आणि मग घरचे ते खरवडतीलच.

11. पायरी, अंगण, न्हाणीची वाट आणि विहिरीवर उभं राहायची जागा इथे काहीही वाढू देऊ नये. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा चालणं कठीण होतं. सासूबाई या बाबतीत फार कडक होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. आमच्या घरी हद्द ठरलेली आहे. पाय पडतो तिथे खराटा आणि चुना, पाय पडत नाही तिथे शेवाळ. ही हद्द ठरल्यापासून घरात त्यावरून वाद होत नाही.

गणपतीच्या आधी गावभर साफसफाई निघते. माणसं लावून गडगे तारेच्या ब्रशने घासले जातात, वर ब्लीचिंगचं पाणी मारलं जातं, कारण मुंबईची माणसं येणार. बोर्ली-दिवेआगरच्या माझ्या गाववाल्यांना एवढंच सांगणं आहे की या वर्षी अंगण घासा, पायऱ्या घासा, दर्शनी गडगाही हवा तर घासा. पण वाडीच्या आतला, उत्तरेकडचा, पाटाकाठचा गडगा तेवढा सोडा. निसर्ग वादळानंतर लावलेल्या पोफळींची सावली आता कुठे त्याच्यावर पडू लागली आहे.