स्वस्त पुस्तक चोखही हवे



गेल्या तिमाहीत भामरागड तालुक्यातील आपल्या एका अभ्यासवर्गात मी सहावीच्या मुलींच्या वह्या तपासत बसलो होतो. एका वहीत एकाच जागी खोडून खोडून कागद विरला होता. उदाहरण आपल्याच गणित सराव पुस्तिकेतले होते : ‘तेंदूच्या एका पुड्यात ७० पाने असतात. तर ३८ पुड्यांत किती पाने?’ मुलीने रीत अचूक धरली होती. आधी ७० × ३० = २१००. त्याखाली ७० × ८ = ५६० हे पुसट दिसत होते, पण ते खोडून तिने १६० केले होते आणि बेरीज २२६० लिहिली होती.

मी विचारले, “सत्तर आठे किती?”

“पाचशे साठ.” उत्तर लगेच आले.

“मग एकशे साठ का लिहिलंस?”

“पुस्तकात मागं बावीसशे साठ आहे ना, सर.”

मी पुस्तिकेचे शेवटचे पान उघडले. खरोखरच २२६० छापले होते. बरोबर उत्तर २६६०. त्या पुस्तिकेची शेवटची मुद्रिते मीच तपासली होती. चूक माझी होती.

ही मुलगी दर मे महिन्यात पहाटे आईबरोबर तेंदूची पाने तोडायला जाते, दुपारी अंगणात बसून पुडे बांधते. सत्तरची मोजणी तिच्या बोटांत आहे. तरीही छापील अक्षरापुढे तिने स्वतःचे बरोबर उत्तर खोडले. शहरातल्या मुलाजवळ दुसरे पुस्तक असते, शिकवणी असते, ‘अरे, छापण्यात चूक आहे’ असे सांगणारे घरात कोणीतरी असते. हिच्याजवळ ही एकच पुस्तिका आहे. आश्रमशाळेत बालभारतीचे पाठ्यपुस्तक मोफत मिळते, पण संध्याकाळच्या सरावासाठी आपली पुस्तिकाच हाती असते. ती परवडणारी असावी याची काळजी आपण घेतली. चोख असावी याची पुरेशी घेतली नाही.

नवी आवृत्ती काढण्यापूर्वी या कामात आपली मदत हवी आहे. काम नेमके कसे आहे, ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट : उत्तरे

ज्याने उदाहरण लिहिले त्यानेच उत्तर तपासले, तर नजर चुकते. म्हणून प्रत्येक उदाहरण दोघांनी वेगवेगळे, मागचे पान न पाहता सोडवावे. दोघांची उत्तरे जुळली तरच ते उत्तर छापावे. आकृत्यांनाही हाच नियम. ‘ही रेघ मोजा, ८ सेंमी भरली का पाहा’ असे लिहिलेले पान छापताना लहान केले, की रेघ साडेसात सेंमीच भरते आणि मूल पट्टीलाच दोष देते. म्हणून मोजमापाच्या आकृत्या छापून आल्यावर पुन्हा मोजाव्या लागतात.

दुसरी गोष्ट : भाषा

मराठीत ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र चार आधी येतात. म्हणून ऐकून लिहिणारी मुले पुष्कळदा ५४ लिहितात. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात, पण लिहायचे ५९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. वादाचा निकाल काहीही लागो, अडचण खरी आहे. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला तर मराठी हीच दुसरी भाषा. माडिया गोंडीच्या जवळची, द्राविड कुळातली बोली. अशा मुलाला गणित येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला फक्त वाक्य कळलेले नसते. म्हणून वाक्ये लहान हवीत, एका वाक्यात एकच गोष्ट हवी, आणि पहिल्या पानांवर संख्यानामांच्या शेजारी अंक हवेतच.

तिसरी गोष्ट : उदाहरणातले जग

आपल्या पुस्तिकेत एक उदाहरण आहे : ‘लिफ्टमधून एका वेळी ४ माणसे जातात. १८ माणसांना किती फेऱ्या लागतील?’ बहुतेक मुलांनी ‘४, बाकी २’ असे लिहिले. मी तेच उदाहरण फळ्यावर बदलून दिले : ‘डोंग्यात नावाड्याखेरीज ४ माणसे बसतात. १८ माणसांना नदीपलीकडे न्यायला किती फेऱ्या?’ पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आलेला पाहिलेली ही मुले. एक मुलगा चटकन म्हणाला, “पाच. नाहीतर दोघं काठावरच राहतील!” आकडे तेच, भागाकारही तोच. बाकीचे काय करायचे, हे मात्र त्याला आता समजले.

याचा अर्थ मुलांना तेंदू, मोहफुले आणि डोंगा यांतच अडकवून ठेवावे असा नाही. बँकेचे पासबुक, एसटीचे वेळापत्रक, मजुरीचा हिशेब हेही त्यांना यायलाच हवे. ओळखीच्या जगातून सुरुवात करून तिथपर्यंत नेणारी उदाहरणे आपल्याला हवी आहेत.

चौथी गोष्ट : किंमत

पुस्तिका १६ पानांच्या फर्म्यात छापली जाते. आपली पुस्तिका ६४ पानांची, म्हणजे ४ फर्म्यांची आहे. चार पाने वाढवली तरी कागद आणि छपाईचा खर्च वाढतो, आणि तो शेवटी पालकांवर पडतो. तेव्हा सुचवणाऱ्यांना एकच विनंती : नवे उदाहरण द्याल, तर जुने कोणते काढायचे तेही सांगा.

आपण काय करू शकता

निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी घरबसल्या उदाहरणे सोडवू शकतात. आठवड्याला एक प्रकरण पुरे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या तरुणांनी आणि अंगणवाडी ताईंनी वाक्ये वाचून कोणता शब्द मुलांना अडेल ते सांगावे. ज्यांचा हात चित्रकलेत चालतो त्यांनी एकरंगी, स्वच्छ रेघांच्या आकृत्या काढाव्यात. आणि ज्यांना जमेल त्यांनी एखादी संध्याकाळ अभ्यासवर्गात मुलाशेजारी बसावे, काहीही न सांगता फक्त ते कुठे थांबते ते टिपून घ्यावे. पैशाची अपेक्षा नाही. त्रैमासिकाच्या कार्यालयाकडे एक पोस्टकार्ड टाका, आपल्या सवडीचे प्रकरण पाठवून देऊ.

त्या दिवशी मी मुलीच्या वहीत २६६० लिहून खाली सही केली आणि वर्गाला सांगितले, “चूक पुस्तकाची आहे, आणि पुस्तक मी तपासले होते.” क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग ती मुलगी म्हणाली, “सर, मग बाकीची पण बघू का?”

कंदील लावेपर्यंत त्या मुलींनी मागच्या पानावरच्या आणखी दोन चुका शोधून काढल्या. दोन्ही खऱ्या होत्या. त्या आता माझ्या प्रतीत लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. ती प्रत समोर ठेवूनच मी हे लिहितो आहे. अजून सहा प्रकरणे तपासायची राहिली आहेत.