उथळ पाण्याला खळखळाट फार!

सेमिस्टर संपली की हॉस्टेलची एखादी गँग मालवण-तारकर्लीला जातेच. तिथे इन्स्ट्रक्टरचा हात धरून थोडा वेळ मासे बघून आलेला वीर मेसमध्ये सांगतो, "आपल्याला स्कूबा येतं!" खरं तर त्या वेळी हवा, खोली, वजन सगळं इन्स्ट्रक्टर सांभाळत असतो. आपण फक्त श्वास घेत असतो.

पुढची पायरी म्हणजे ओपन वॉटर कोर्स. 'पॅडी'च्या कोर्समध्ये २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं येतं. कार्ड मिळालं की मर्यादा १८ मीटर. ॲडव्हान्स्डनंतर ३० आणि हौशी डायव्हरसाठी शेवटची रेघ ४० मीटर. पण कार्ड म्हणजे पासिंग मार्क्स, डिस्टिंक्शन नव्हे. क्रुगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवलं, की परीक्षेत सर्वात मागे असलेलेच स्वतःचे मार्क सर्वात जास्त फुगवून सांगतात. कॉलेजात हे चालून जातं. समुद्रात एटीकेटी नसते.

मग स्वतःला तपासायचं कसं? आपण इंजिनिअर, तेव्हा मोजून! समजा १२ लिटरचा सिलिंडर ३० मिनिटांत २०० बारवरून ८० बारवर आला. म्हणजे १२० × १२ = १४४० लिटर हवा गेली, मिनिटाला ४८ लिटर. सरासरी खोली १० मीटर असेल तर तिथे दाब २ बार, म्हणून पृष्ठभागावरच्या हिशोबाने मिनिटाला २४ लिटर. दर डाइव्हनंतर हा आकडा लॉगबुकात लिहा. काही डाइव्ह्जनंतर तो १८ वर आला, तर सुधारणा खरी. मात्र आकडा सुंदर दिसावा म्हणून श्वास रोखायचा नाही. त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं. आणि वर येताना श्वास रोखला तर बॉइलच्या नियमाने हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं.

आकडा कमी होतो तो शांतपणामुळे आणि योग्य वजनामुळे. नवखा माणूस कमरेला जास्त शिसं बांधतो, मग तरंगायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरतो आणि खालीवर होत दमतो. लक्षात ठेवा, २४०० लिटर हवेचं वजन जवळजवळ ३ किलो असतं. म्हणजे शेवटी सिलिंडर हलका होतो. म्हणून वजनाची परीक्षा डाइव्ह संपताना घ्या: ५ मीटरवर, जॅकेट जवळपास रिकामं ठेवून, ३ मिनिटं एका जागी स्थिर राहता येतं का? येत नसेल तर अजून खोल जायची घाई नको.

एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. खोली वाढवली तर जागा ओळखीची हवी. करंट नवा असेल तर खोली कमी हवी. खूप महिने पाण्यात गेलो नसू तर आधी पूलमध्ये उजळणी.

आणि सर्वात अवघड धडा आकड्यांचा नाहीच. कोणताही डायव्हर, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो, हा या खेळाचा नियम आहे. बोट निघाली, पैसे भरले, मित्र हसतील, तरी "आज माझी तयारी नाही" असं म्हणता आलं पाहिजे. कारण खाली आपली हवा संपली, तर आपण बडीच्या हवेवर जगतो. आपल्या फुशारकीचं बिल त्याच्याही नावावर फाटतं.

तेव्हा दोस्तांनो, खोल जा, जरूर जा. पण पायरी पायरीने!